पत्रावरचे नाव खरे कशावरून?

जुलै महिन्यातली एक रात्र डोळ्यांपुढे आणा. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले, की वाटेत तारोडी हे गाव लागते. तुम्ही या गावात राहता असे समजू. बाहेर पाऊस कोसळतो आहे. रात्री दहाच्या सुमारास शाळेचा ई-मेल येतो: 'अतिवृष्टीमुळे उद्या शाळा बंद राहील. उद्याची चाचणी परीक्षा पुढे ढकलली आहे.' खाली मोठ्या बाईंचे नाव आणि वर, पाठवणाऱ्याच्या जागी, त्यांचाच नेहमीचा पत्ता. तुम्ही दप्तर कोपऱ्यात टाकून निवांत झोपता. दुसऱ्या दिवशी दुपारी कळते, की शाळा भरली होती, परीक्षाही झाली, आणि मोठ्या बाईंनी असे पत्र लिहिलेच नव्हते!

ही गोष्ट कल्पित आहे, पण तिच्यात अशक्य असे काही नाही. सुटीच्या जागी 'या खात्यात फीचे पैसे भरा' असा मजकूर असता तर? मग नुकसान एका चाचणीपुरते राहिले नसते. पत्र बाईंचे नव्हते, तर बाईंचा पत्ता त्यावर आला कसा? आणि तो येऊ नये म्हणून शाळेचा ई-मेल सांभाळणाऱ्या संगणकाने काय करायला हवे होते? याचे उत्तर शोधताना आपल्याला टपालखात्यापासून सुरुवात करावी लागेल.

पोस्टकार्डावर दोन पत्ते असतात. एक ज्याला पाठवायचे त्याचा, दुसरा पाठवणाऱ्याचा. टपालखात्याचे सारे लक्ष पहिल्यावर असते. तो चुकला तर पत्र पोहोचणारच नाही. दुसरा पत्ता मात्र पाठवणारा आपल्या मनाने लिहितो. पेटीत कार्ड टाकणाऱ्याला 'हे नाव तुझेच का?' असे कोणी विचारत नाही.

पहिल्या पत्त्यासाठी केवढा खटाटोप केला जातो, याचे उदाहरण तारोडीतच आहे. या गावात धारावी देवीचे मंदिर आहे आणि भाईंदर-उत्तनचा हा सारा भाग जुन्या काळी धारावी बेट म्हणून ओळखला जाई. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी वसईची मोहीम केली, तिच्या हकिकतीत जी धारावी येते ती हीच. आज 'धारावी' म्हटले की बहुतेकांना मुंबईत माहीमजवळ असलेली वस्ती आठवते. इतिहास वाचताना अनेक विद्यार्थी येथे फसतात. नुसते 'धारावी' लिहिलेले पत्र कोठे द्यावे? नावे सारखी असण्याची ही अडचण देशभर होती. तिच्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाले. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतचे नावाजलेले विद्वानही होते. उत्तनचा पिनकोड ४०११०६ आणि मुंबईतल्या धारावीचा ४०००१७. डावीकडून वाचत गेले, की आधी देशाचा मोठा विभाग, मग त्यातला लहान भाग आणि शेवटी एक टपाल कार्यालय हाती लागते.

ई-मेलचा पत्ता याच विचाराने बनला आहे, फक्त तो उलट, उजवीकडून वाचायचा. '@' या चिन्हाच्या डावीकडे माणसाचे नाव, उजवीकडे ठिकाणाचे. हे चिन्ह मध्ये घालण्याची कल्पना रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये अमलात आणली. पण आपल्याकडे ई-मेल आला तेव्हा पत्ते इतके सुटसुटीत नव्हते.

पत्ता म्हणजे वाट

खेड्यात घराचा पत्ता विचारला, तर बहुधा वाट सांगितली जाते. 'स्टेशनवरून उत्तनची बस पकडा, देवळापाशी उतरा, विहिरीवरून उजवीकडे वळा, तिसरे घर.' सांगणारा कोठून सांगतो आहे, यावर हा पत्ता बदलतो. मुंबईच्या माणसाला एक वाट, वसईच्या माणसाला दुसरी.

१९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'अर्नेट' हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचे जाळे उभारायला घेतले. त्यात मुंबईच्या दोन संस्था होत्या. एक पवईची आयआयटी आणि दुसरी जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच एनसीएसटी. डॉ. श्रीनिवासन रमणी हे एनसीएसटीचे प्रमुख होते. साध्या टेलिफोनच्या तारेवरून एका संगणकाने दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रे द्यायची, त्याच्याकडची घ्यायची आणि फोन ठेवायचा, अशी त्या वेळची रीत होती. त्या पद्धतीत पत्ता हीच वाट असे. 'या यंत्राकडे द्या, त्याने त्या यंत्राकडे द्यावे, तेथे अमुक माणूस आहे', अशी यंत्रांची नावे उद्गारचिन्हांनी एकामागून एक जोडून लिहीत. मधले एक यंत्र बंद पडले, की पत्ताही निकामी!

पुढे '.इन' हे भारताचे नाव नोंदले गेले, त्याच्या आत 'अर्नेट', त्याच्या आत एकेक संस्था, अशी उतरंड रचली गेली आणि वाट शोधण्याचे काम माणसाकडून संगणकाकडे गेले. पत्ता आता केवळ नाव झाला. ही फार मोठी सोय होती. पण नाव झाल्याबरोबर नावाचे प्रश्नही आले. कोणते नाव कोणाचे, ते कोणी द्यायचे, आणि ते वापरणारा खरोखर तोच आहे का?

यंत्राचे नाव पत्रावर

हे प्रश्न हजारो सामान्य माणसांपुढे आले ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर. पिनकोडनंतर बरोबर २३ वर्षांनी, स्वातंत्र्यदिनीच, विदेश संचार निगम लिमिटेड या तेव्हाच्या सरकारी कंपनीने जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. मुंबईतले कार्यालय फोर्ट भागातल्या विदेश संचार भवनात होते. घरच्या फोनला मोडेम जोडायचा, तो घरघर, शीळ असे चमत्कारिक आवाज करी, आणि मग कंपनीच्या एका मोठ्या संगणकावर आपले खाते उघडे. पत्रे त्याच यंत्रावर लिहायची आणि तेथूनच ती रवाना होत. एका यंत्रावर शेकडो ग्राहक. म्हणजे सामाईक सर्व्हरच. कित्येक कुटुंबांत एकच खाते असे आणि परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र शेजाऱ्याच्या पत्त्यावरही येई.

त्या वेळचे पत्ते गमतीचे होते. मुंबईच्या ग्राहकाच्या नावापुढे '@जीआयएएसबीएम०१.व्हीएसएनएल.नेट.इन' अशी लांबलचक शेपटी येई. (मूळ पत्ता अर्थातच रोमन लिपीत, आपण तो आपल्या लिपीत लिहीत आहोत.) तिचा अर्थ उकलून पाहा. 'जीआयएएस' ही त्या इंटरनेट सेवेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. 'बीएम' म्हणजे बॉम्बे. '०१' म्हणजे पहिले यंत्र. पुण्याच्या पत्त्यात 'बीएम'ऐवजी 'पीएन' असे. शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले तेही १९९५ मध्येच, पण यंत्राच्या नावात बॉम्बेच राहिले!

ग्राहक वाढले. पहिले यंत्र पुरेना, तेव्हा आणखी यंत्रे आली आणि 'बॉम२', 'बॉम३' असे पत्ते दिसू लागले. येथे एक चूक होती, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. पत्रावर जे नाव जाते ते ग्राहकाचे असायला हवे; ग्राहक कोणत्या यंत्रावर बसला आहे याच्याशी जगाला काय करायचे? ग्राहकाला एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवायचे तर त्याचा पत्ताच बदलावा लागणार. छापलेली ओळखपत्रे वाया, आणि परदेशी नातलगांना कळवत बसायचे ते वेगळेच.

त्यावर उपाय म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रावरचे यंत्राचे नाव खोडून संस्थेचे नाव घालणे. सर्व्हर हे काम स्वतः करू शकतो. आतून 'बॉम३'वरून पत्र निघाले, तरी दारातून बाहेर पडताना त्यावर फक्त कंपनीचे नाव असते. पुढे या कंपनीचेही 'व्हीएसएनएल.कॉम' असे यंत्राचे नाव नसलेले पत्ते आलेच. पण नीट विचार करा. 'बॉम२'वर एक पाटील आहेत आणि 'बॉम३'वर दुसरे. यंत्रांची नावे खोडली, की दोन्ही पाटील एकाच पत्त्यावर येतात. म्हणजे खोडण्याआधी सगळ्या यंत्रांसाठी नावांची एकच वही हवी, आणि त्या वहीत प्रत्येक नाव एकदाच हवे. उत्तन-डोंगरी भागात एकेका आडनावाची किती घरे आहेत हे आठवले, तर वही लिहिणाऱ्याचे हाल तुमच्या ध्यानात येतील.

पाकीट आणि पत्र

आता दोन सर्व्हर एकमेकांशी कसे बोलतात ते ऐकू. त्यांची बोली १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली. ती एसएमटीपी या नावाने ओळखली जाते. इतक्या वर्षांत तिच्यात भर पडली, पण गाभा तोच आहे. मराठीत ती साधारण अशी ऐकू येईल:

'नमस्कार, मी तारोडी शाळेचा सर्व्हर.'
'२५०, ठीक.'
'पत्र पाठवणारा: मुख्याध्यापिका@तारोडीशाळा.भारत.'
'२५०, ठीक.'
'पत्र घेणारा: पालक@अमुकठिकाण.भारत.'
'२५०, ठीक.'
'आता मजकूर देतो.'
'३५४, द्या. संपल्यावर एका ओळीत फक्त टिंब द्या.'

(पत्ते कल्पित आहेत. '.भारत' हे देवनागरी नाव मात्र खरे असून ते २०१४ पासून नोंदता येते.)

या संभाषणात जे पत्ते आले ते पाकिटावरचे. त्यानंतर मजकूर जातो, आणि त्या मजकुराच्या मथळ्यात 'फ्रॉम', 'टू', 'विषय' अशा ओळी पुन्हा असतात. तो झाला पाकिटातल्या कागदावरचा पत्ता. तुम्ही पडद्यावर वाचता तो हा कागदावरचा. पाकीट सर्व्हरने केव्हाच फोडून बाजूला ठेवलेले असते.

पाकिटावर एक नाव आणि आतल्या कागदावर दुसरे, असे असू शकते का? खुशाल असू शकते, आणि दर वेळी त्यात लबाडी असते असेही नाही. आपल्याकडे लिहिता न येणाऱ्या माणसासाठी मास्तर किंवा पोस्टमन पत्र लिहून देत आणि शेवटी 'पत्र लिहिणाराचा नमस्कार' अशी ओळ घालत. मजकूर एकाचा, हात दुसऱ्याचा. ई-मेलच्या नियमांतही या दोघांसाठी वेगळ्या ओळी आहेत: पत्र ज्याच्या वतीने तो 'फ्रॉम', आणि प्रत्यक्ष रवाना करणारा 'सेंडर'. नियम करणाऱ्यांनी पत्र लिहिणाराचा नमस्कार विसरला नव्हता असे म्हणायला हरकत नाही.

पण १९८२ च्या त्या बोलीत 'तू खरोखर तोच का?' हा प्रश्नच नव्हता. जाळ्यावर मोजक्या विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची यंत्रे होती, माणसे एकमेकांना ओळखत होती. खाते आणि परवलीचा शब्द विचारण्याची सोय या बोलीत १९९९ मध्ये जोडली गेली. आणि त्यातून एक नवा गैरसमज जन्माला आला.

सामाईक सर्व्हरची वही

तारोडी, डोंगरी, उत्तन आणि पाली अशा चार गावांतल्या चार शाळांनी खर्च वाचावा म्हणून एकच सर्व्हर घेतला असे समजा. प्रत्येक शाळेचे नाव वेगळे, पत्ते वेगळे, पण यंत्र एक. शिक्षक, कार्यालयातले कर्मचारी आणि वरच्या वर्गांतले विद्यार्थी अशी काही शे खाती. प्रत्येकाला आपापला परवलीचा शब्द. चुकीचा शब्द दिला तर सर्व्हर दार उघडत नाही. म्हणजे आता सारे सुरक्षित झाले, नाही का?

नाही. परवलीच्या शब्दाने एवढेच ठरले, की दारात कोण आला आहे. आत आल्यावर तो पत्रावर कोणाचे नाव लिहितो हा निराळाच प्रश्न आहे! दहावीतल्या विद्यार्थ्याने आपल्या स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या खऱ्या शब्दाने प्रवेश केला आणि पाठवणाऱ्याच्या जागी मोठ्या बाईंचा पत्ता लिहिला, तर पुष्कळ सर्व्हर ते पत्र मुकाट्याने पुढे धाडतात. आपल्या जुलैच्या रात्रीचे उत्तर हे आहे. कोणी कुलूप फोडले नव्हते. घरातलाच माणूस घराच्या किल्लीने आत आला होता.

म्हणून सामाईक सर्व्हरला आणखी एक वही लागते. तिच्या डाव्या रकान्यात पाठवणाऱ्याचे पत्ते, आणि उजव्या रकान्यात तो पत्ता वापरण्याचा हक्क असलेली खाती. मोठ्या बाईंच्या पत्त्यापुढे बाईंचे एकच खाते. 'परीक्षा' या पत्त्यापुढे तिघा शिक्षकांची खाती, कारण तो विभागाचा पत्ता आहे. उलट एका शिक्षकाच्या खात्याला तीन पत्ते असू शकतात: स्वतःचा, परीक्षा विभागाचा आणि विज्ञान मंडळाचा. पत्र आले, की सर्व्हर वही उघडतो, प्रवेश केलेले खाते आणि पत्रावरचा पत्ता यांची जोडी आहे का ते पाहतो, आणि नसेल तर पत्र परत करतो.

'पोस्टफिक्स' हा सर्व्हरवर चालणारा एक प्रसिद्ध कार्यक्रम आहे. वीट्से व्हेनेमा या डच संगणकतज्ज्ञाने तो लिहिला आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्यात ही वही ठेवण्याची सोय आहे. परंतु ती आपोआप चालू नसते. व्यवस्थापकाने वही लिहावी आणि जोडावी लागते. शिवाय तिच्यात जाणत्यांनाही चकवणारी एक फट आहे. ही तपासणी फक्त पाकिटावरच्या पत्त्याची होते. विद्यार्थ्याने पाकिटावर प्रामाणिकपणे स्वतःचा पत्ता लिहिला आणि आतल्या कागदावर बाईंचा, तर वहीला ते कळत नाही. आणि वाचणाऱ्याला दिसतो तो तर आतला कागद! तेव्हा मथळ्यातला 'फ्रॉम' तपासणारी दुसरी चाळणी वेगळी लावावी लागते. एकच चौकीदार ठेवून, दोन्ही दारे बंद झाली अशी समजूत करून घेणारे पुष्कळ आहेत.

जोडी जुळली नाही तर काय करावे, यावर दोन मते आहेत. एक म्हणते, पत्र नाकारा. दुसरे म्हणते, चुकीचा पत्ता खोडून खात्याचा खरा पत्ता घाला आणि जाऊ द्या. माझे मत पहिल्या बाजूला आहे. गुपचूप दुरुस्ती केली तर पाठवणाऱ्याला आपली चूक कळत नाही, आणि उत्तर भलत्याच पेटीत येते. पण माणसांऐवजी यंत्रे पत्र पाठवतात तेथे दुसरा मार्गच बरा. शाळेचा हजेरीचा कार्यक्रम रोज संध्याकाळी पालकांना पत्रे पाठवतो. तो स्वतःचा पत्ता म्हणून यंत्राचे आतले नाव लिहितो, जे बाहेरच्या जगात कोठेच नोंदलेले नसते. बाहेरचे सर्व्हर अशी पत्रे बहुधा टाकून देतात. कार्यक्रमाला रागावून उपयोग नाही. सर्व्हरनेच ते नाव बदलून 'हजेरी@तारोडीशाळा.भारत' करावे हे उत्तम. 'बॉम३' खोडून कंपनीचे नाव घालण्यासारखाच हा प्रकार.

शिक्का शाळेचा, माणसाचा नव्हे

येथे तुमच्यापैकी एखादा म्हणेल, 'पण खोटी पत्रे ओळखण्याच्या नव्या युक्त्या निघाल्या आहेत ना?' निघाल्या आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. पहिलीचे नाव एसपीएफ. तिचा नियम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा आपल्या नावाच्या जाहीर नोंदीत लिहून ठेवते, की आमच्या नावाची पत्रे फक्त अमुक यंत्रावरून निघतात. घेणारा सर्व्हर ती नोंद वाचून पडताळा पाहतो. दुसरी डीकेआयएम, २००७ ची. तिच्यात सर्व्हर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर गणिती शिक्का मारतो. शिक्का मारण्याची किल्ली गुप्त असते, तो पडताळण्याची जाहीर. वाटेत मजकूर बदलला तर शिक्का जुळत नाही. तिसरी डीएमएआरसी. ती आतल्या कागदावरचे संस्थेचे नाव या दोन तपासण्यांशी जुळते का ते पाहते आणि न जुळल्यास काय करायचे तेही सांगते. तिचा नियम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या कंपन्यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत.

आता या तिन्ही तपासण्या आपल्या जुलैच्या पत्राला लावा. पत्र शाळेच्याच यंत्रावरून निघाले होते: पहिली पार. सर्व्हरने बाहेर पडताना शाळेचा शिक्का मारला होता: दुसरी पार. कागदावर शाळेचेच नाव होते: तिसरी पार! तिन्ही तपासण्या '@' च्या उजव्या बाजूची हमी देतात. डाव्या बाजूला 'मुख्याध्यापिका' आहे की कोणी विद्यार्थी, हे त्यांना ठाऊकच नसते. बाहेरचे जग शाळेच्या शिक्क्यावर विश्वास ठेवते, आणि तो शिक्का कोणाच्या पत्रावर मारायचा हे फक्त आतली वही ठरवते.

चार शाळांच्या सामाईक सर्व्हरवर तर गोष्ट आणखी बिकट होते. यंत्र एकच असल्यामुळे चारही शाळांच्या नोंदीत त्याच यंत्राचे नाव आहे. वही नसेल, तर पालीच्या शाळेतले खाते वापरून तारोडीच्या मोठ्या बाईंच्या नावाने पत्र पाठवता येईल, आणि बाहेरच्याला त्यात काहीही वावगे दिसणार नाही. खर्च वाचवण्यासाठी अनेक लहान कार्यालये आणि दुकाने असे सामाईक सर्व्हर वापरतात. तेथे हीच भीती असते.

सामाईकपणाचा आणखी एक भुर्दंड आहे. एका खात्याचा परवलीचा शब्द चोरीला गेला आणि त्यावरून रात्रीत दहा हजार जाहिराती गेल्या, तर बाहेरचे सर्व्हर ते खाते पाहत नाहीत. ते यंत्राचाच क्रमांक काळ्या यादीत घालतात, आणि चारही शाळांची पत्रे अडतात. म्हणून शहाणा व्यवस्थापक प्रत्येक खात्याला तासाला किती पत्रे, अशी मर्यादा घालतो.

परतीची पत्रे आणि गेलेली माणसे

पाकिटावरच्या पत्त्याचे एक मुख्य काम अजून सांगायचे राहिले. पत्र पोहोचले नाही तर 'पोहोचले नाही' ही सूचना त्या पत्त्यावर जाते. खोटा पत्ता लिहिला, की या सूचना भलत्याच माणसाच्या पेटीत पडतात; न पाठवलेल्या पत्रांच्या परतीचा असा पाऊस पडला तर घाबरून जाऊ नका, कोणीतरी तुमचे नाव पाकिटावर लिहिले आहे एवढाच बहुधा त्याचा अर्थ. पण सूचनेवर स्वतः पाठवणारा म्हणून कोणाचे नाव असते? कोणाचेच नाही! ती जागा मुद्दाम रिकामी ठेवतात. का बरे? समजा तेथे सर्व्हरचा पत्ता असता आणि ती सूचनाही पोहोचली नसती, तर सूचना न पोहोचल्याची सूचना, मग तिची सूचना, असे दोन सर्व्हर दिवसरात्र एकमेकांना पत्रे लिहीत बसले असते. म्हणून वहीचे नियम करताना रिकाम्या नावाला वाट ठेवावी लागते. अतिउत्साही व्यवस्थापक तीही बंद करतो, आणि मग हरवलेल्या पत्रांचा पत्ताच लागत नाही.

वहीतली सर्वांत दुर्लक्षित पाने गेलेल्या माणसांची असतात. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांचा पत्ता त्यांच्या स्वतःच्या नावाचा असेल, तर पालकांना नवा पत्ता कळवावा लागेल. तो पदाचा असेल, तर वहीच्या उजव्या रकान्यात फक्त खाते बदलायचे. बाहेर कोणाला काही कळवायला नको. पण जुने खाते त्याच दिवशी त्या ओळीतून काढायला हवे, आणि नेमके हेच राहून जाते. दुसरे म्हणजे, दहावी होऊन गेलेल्या मुलीचा पत्ता पुढच्या वर्षी त्याच नावाच्या नव्या मुलीला देऊ नये. तिची महाविद्यालयाची, बँकेची पत्रे या नवीच्या पेटीत येतील. हा तर्क नुसता पुस्तकी नाही. २०१३ मध्ये याहूने बरेच दिवस न वापरलेली नावे नव्या ग्राहकांना वाटली, तेव्हा काहींना आधीच्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागली होती.

करून पाहा

तुमच्या शिक्षकांच्या मदतीने शाळेकडून आलेला एखादा ई-मेल उघडा. बहुतेक सेवांत मूळ संदेश जसाच्या तसा दाखवण्याची सोय असते, ती शोधा. इंग्रजी ओळींचा मोठा ठोकळा दिसेल. त्यात 'रिटर्न-पाथ' अशी ओळ आहे, ती पाकिटावरची. 'फ्रॉम' ही आतल्या कागदावरची. दोन्ही वहीत उतरवून घ्या. मग 'रिसीव्ह्ड' असे लिहिलेल्या ओळी मोजा. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ओळ सर्वांत वर चिकटवतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या, आणि खालच्या ओळींवर विश्वास जरा बेतानेच ठेवायचा, कारण त्या पाठवणाऱ्यालाही रचून लिहिता येतात. पुढे 'एसपीएफ', 'डीकेआयएम' आणि 'डीएमएआरसी' यांपुढे 'पास' की 'फेल' ते पाहा. जाहिरातीचे एक पत्र, बँकेचे एक आणि शाळेचे एक, अशा तीन पत्रांचा तक्ता करा. जाहिरातीच्या पत्रात 'रिटर्न-पाथ' आणि 'फ्रॉम' बहुधा वेगळे निघतील; ते का, हे तुम्हाला आता सांगता येईल. शाळेच्या पत्रात सगळीकडे 'पास' दिसले, तर तक्ता घेऊन शाळेचा संगणक सांभाळणाऱ्या सरांकडे जा आणि विचारा, 'सर, आपल्या सर्व्हरवर कोणत्या खात्याने कोणता पत्ता वापरायचा याची वही आहे का? आणि ती पाकीट तपासते, की आतला कागदही?'